साहेब बसले की दूध चढतं

आसिफचे डोळे नीट उघडलेही नव्हते, तोच फोन वाजला. भंडारदऱ्याच्या दूध संकलन केंद्रावरची चांगुणामावशी होती.

"आसिफ, आत घेईना रं मशीन! परवाना न्हाई म्हनतंय. हितं किटल्या घेऊन मानसं उभी हायेत. दूध काय माझ्यासाठी थांबनार हाय व्हय?"

आसिफ ज्याचे संगणक सांभाळायचा, त्या राजूर रस्त्यावरच्या दूध संघाचा सारा कारभार मुख्य कचेरीतल्या एका सर्व्हरवर चालायचा. गावोगावची केंद्रं इंटरनेटवरून त्यातच शिरायची आणि लिटर, फॅट तिथंच चढवायची. मात्र किती जणांनी शिरायचं याचा परवाना होता दुसऱ्याच मशीनमध्ये. सर्व्हरने त्या मशीनला विचारायचं, त्याने मान हलवली तरच दार उघडायचं. सुरुवातीचे चार महिने सवलत होती, तोवर विचारपूस नव्हती. ती सवलत कालच संपली.

हे परवान्याचं मशीन ठेवलं होतं अध्यक्ष काकासाहेबांच्या केबिनमध्ये. "येवढी भारी वस्तू कारकुनांच्यात ठिवता व्हय? पाव्हन्यांना दिसली पायजे!" असा साहेबांचा हुकूम होता.

आसिफने घाईघाईत शर्ट चढवला. तो अजून हंगामीच होता. त्याला कायम करायचा कागद साहेबांच्या सहीसाठी धूळ खात पडला होता, कारण साहेब कचेरीत सापडतील तर शपथ. इकडे आयेशाचे वडील चांदभाई अडून बसले होते. "नोकरी कायम होऊ द्या, मग निकाहची तारीख. हंगामी जावई आपल्याला नको," म्हणाले होते. आणि नेमका आत्ताच हा घोळ!

तो धावत कचेरीत आला, तर केबिनला कुलूप. किल्ली बजरंग शिपायाकडे आणि बजरंग साहेबांच्या गाडीत. आसिफने वायरी चाचपल्या, पत्र्यावर चढून पाहिलं, उंदरांना शिव्या घातल्या. शेवटी जीव मुठीत धरून साहेबांनाच फोन लावला.

साहेब आले ते फणफणतच. बजरंगाने केबिन उघडली. आसिफ आत जाऊन पाहतो, तर मशीन ठणठणीत! तेवढ्यात चांगुणामावशीचा फोन. "घेतलं रं बाबा, सकाळचं समदं चढलं!"

"मंग मला कशाला बोलिवलं?" साहेब कडाडले. "दहाव्याला गेल्तो. माझं भाषन ऱ्हायलं ना!"

साहेब गेले आणि संध्याकाळी पुन्हा बोंब. साहेब आले, सगळं चालू. दुसऱ्या दिवशीही तेच. आसिफला खुळ्यासारखं झालं. अखेर चांगुणामावशीनेच निकाल लावला. "साहेबांचा पायगुन हाय. त्ये बसले की दूध चढतंय."

हे साहेबांना इतकं गोड लागलं की ते सकाळ-संध्याकाळ दुधाच्या वेळी केबिनमध्ये येऊन बसायला लागले. पण नुसतं बसून करायचं काय? मग त्यांनी फायली मागवल्या. तुंबलेला ढीग हलायला लागला.

एका संध्याकाळी साहेब उठले तेव्हा आसिफ दारातच उभा होता. साहेबांची पाठ फिरताच बजरंगाने भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. दिवे गेले, एसी गेला आणि परवान्याचं मशीनही गेलं.

"अरे, काय करतोस हे?"

"रोजच करतो की. साहेब न्हाईत तर एक बटन चालू दिसाया नगं. त्यांचाच हुकूम हाय."

आसिफ मटकन खुर्चीत बसला. बिचाऱ्या उंदरांना उगाच शिव्या दिल्या! साहेबांना सांगायला तो उठलाही, पण पाय अडला. आता सांगितलं तर साहेब उद्यापासून कशाला येतील? आणि त्याचा कागद अजून ढिगाच्या तळाशी होता. त्याला लाज वाटली, पण आयेशाही आठवली.

"बरोबर आहे तुझं," तो बजरंगाला म्हणाला. "हुकूम म्हणजे हुकूम."

दोन दिवसांनी सही झाली. मग मात्र आसिफला राहवेना. त्याने सगळं सांगून टाकलं आणि म्हणाला, "साहेब, मशीन बाहेर हलवतो. म्हणजे तुम्ही नाही आलात तरी चालेल."

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. "आरं, साऱ्या तालुक्यात सांगून बसलोय मी, माझ्याबिगर संघ चालत न्हाई म्हनून! मशीनला हात लावायचा न्हाई. आन् बटनालाबी न्हाई."

आसिफने मशीन होतं तिथंच ठेवलं. कायम तर झाला होता, तारीखही ठरली होती. आणखी काय पाहिजे?

निकाहच्या संध्याकाळी मंडप गच्च भरला. साहेब अत्तर लावून पहिल्या रांगेत बसले होते. मागे बजरंग, किल्ली त्याच्याच खिशात. काझीसाहेब आसिफसमोर येऊन बसले आणि त्याच्या शेरवानीत फोन थरथरायला लागला. त्याने तो बंद केला, तर शेजारी बसलेल्या, कचेरीतल्याच अझहरचा वाजला. अझहरने तो आसिफच्या कानालाच लावला.

"लगीन कर बाबा, सुखी ऱ्हा," चांगुणामावशी ओरडत होती, "पर आदी दूध आत घे! किटल्यांची रांग सडकंवर गेली!"

आसिफने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि ताडकन उठले. "चल रं आसिफ, बस गाडीत."

"साहेब, मी? बटण तर बजरंगही..."

"आन् न्हाई चालू झालं तर? कायम मानूस कोन हाय आता? तू!"

सेहरा सावरत आसिफ साहेबांच्या मागे निघाला. काझीसाहेबांनी चांदभाईंकडे पाहिलं. गाडीची धूळ खाली बसेपर्यंत चांदभाई रस्त्याकडे बघत राहिले.

"नोकरी कायम पाहिजे, असं मीच म्हणालो होतो," ते हळूच म्हणाले. "पण एवढी कायम नको होती हो."