टिटवीची चार अंडी दोन हात सरकवण्याबाबत

विषय : रुळांमधील टिटवीची चार अंडी दोन हात बाजूला सरकवण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : स्टेशनमास्तर, बोरखळी यांचा अर्ज व त्यानंतरची सहा स्मरणपत्रे.

उपरोक्त विषयास अनुसरून, मुलांनो, गोष्ट अशी आहे.

वर जिचा उल्लेख आला ती बोरखळी एका जंगलाच्या अगदी टोकाला होती. जंगलात सिंहाचे राज्य होते आणि सिंहाच्या राज्यात एक चिमुकली रेल्वे होती. अकरा कोसांची. एक इंजिन आणि चार वाघिणी. घाबरू नका. मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात. ती कोणाला खात नाही, तिलाच भरावे लागते.

बोरखळीच्या नदीच्या वाळूत ससे टरबुजे लावत. वरच्या माळावर साळिंदरे रताळी काढत. दर मंगळवारी गाडी सुटे आणि सगळा माल राजधानीच्या बाजारात जाई. गाडी नसती, तर बोरखळीने आपली टरबुजे आपणच खाल्ली असती, आणि तेवढी पोटे बोरखळीत नव्हती.

स्टेशनमास्तर होते अंताजी मुंगूस. मुंगसांना अंडी किती आवडतात हे तुम्हाला ठाऊक आहे. अंताजींनाही आवडत. पण नोकरीला लागताना त्यांनी अंडी सोडल्याचे लिहून दिले होते, आणि लिहून दिलेले ते मोडत नसत. ते शेंगदाण्यांवर राहत.

या मार्गाची एक रीत होती. रुळांवर काही आढळले की इंजिन चालवणारा बहिरू रेडा गाडी थांबवी. खाली उतरून ती वस्तू बाजूला ठेवी. गाडी पुढे नेई. मग मागे चालत येऊन वस्तू पुन्हा जागच्या जागी ठेवी. कारण रुळांमधली जागाही कोणाची तरी असे. कोणी तिथे मिरच्या वाळत घाली, कोणी दुपारचा लवंडे. येसा नावाची टिटवी तर दर उन्हाळ्यात स्टेशनासमोरच्या खडीत चार अंडी घाली. इंजिनातून निखारे गळत, म्हणून बहिरू ती वडाच्या पानावर उचलून घेई. येसा त्याच्या शिंगांभोवती घिरट्या घाली.

"दमानं, दादा! आन् त्या मास्तरला सांग, तोंड तिकडं कर म्हणावं."

अंताजी निमूटपणे तोंड फिरवत आणि हिरवी झेंडी दाखवत.

एके वर्षी मार्गनिरीक्षक बगळेसाहेबांनी एक नवी वही पाठवली. अडथळा नोंदवही. महिना झाला तरी वही कोरीच राहिली. कोरी वही पाहून अंताजींना झोप लागेना. काम केले नाही असे दिसत होते. तेवढ्यात येसाने अंडी घातली. अंताजींनी टाक चांगला घासला आणि लिहिले : "रुळांमध्ये अंडी चार. अडथळा." अक्षर फार देखणे आले.

मग त्यांनी वहीच्या मागची सूचना वाचली. ती त्यांनी आधी वाचायला हवी होती. नोंदलेला अडथळा मुख्य कार्यालयाच्या परवानगीवाचून हलवू नये, आणि अडथळा असेपर्यंत गाडी सोडू नये, असे तिथे छापले होते.

मंगळवारी बहिरू वडाचे पान घेऊन उतरला. अंताजी धावत गेले.

"बहिरू, हात लावू नकोस! ती आता कागदावर आहेत."

बहिरूने वाकून पाहिले. "कागद कुठाय? खडीवरच हायेत की."

"परवानगीसाठी अर्ज करतो. दोन हात सरकवायचीत, नाही कोण म्हणेल?"

बारा दिवसांनी उत्तर आले. दोन हात म्हणजे कोणाचे हात, मुंगसाचे की अस्वलाचे, याचा अर्जात उल्लेख नाही. सबब अर्ज परत.

तोपर्यंत नदीकाठी टरबुजे भरली होती. चांगुणा ससीण रोज एक टरबूज काखेला मारून स्टेशनात येई, अंताजींच्या टेबलावर ठेवी आणि टिचकी मारून दाखवी.

"ऐका, मास्तर. परवा टण् वाजत होतं. आज ढब वाजतंय. आता हे कागदाची वाट बघत पिकायचं थांबणार हाय का?"

"मावशी, मी दुसरा अर्ज केलाय."

"अर्ज बाजारात खपतो का हो?"

ज्या गावाने अंताजींना तेरा वर्षे दाणे पुरवले, त्या गावाचे वर्ष त्यांनी सुंदर अक्षरात बुडवले होते. नदीला पाणी यायला महिनाभर उरला होता. पाणी आले की वाळूही जाणार आणि वाळूवरची टरबुजेही.

अठ्ठाविसाव्या दिवशी अंडी फुटली. टिटवीची पिल्ले जन्मल्या दिवशीच पळू लागतात. दुपारपर्यंत चारही पिल्ले रूळ ओलांडून गवतात गेली. अंताजींना इतका आनंद झाला, की त्यांनी तातडीने कळवले : "अडथळा आपल्या पायांनी निघून गेला आहे. गाडी सोडतो."

उत्तर या वेळी तीन दिवसांत आले.

"अडथळ्यास पाय असल्याचा उल्लेख मूळ नोंदीत नाही. अंडी नाहीशी झाली आहेत आणि आपण मुंगूस आहात, हे आपल्या सेवापुस्तकावरून दिसते. गाडी सोडू नये. चौकशीसाठी निरीक्षक येत आहेत. दोषी ठरल्यास नोकरीतून कमी करण्यात येईल."

अंताजींच्या हातातला शेंगदाणा खाली पडला.

बगळेसाहेब आले. फलाटावर एका पायावर उभे राहिले. येसा चारही पिल्ले घेऊन हजर झाली.

"ही काय आहेत?" साहेबांनी विचारले.

"अंडी, साहेब," येसा म्हणाली.

"ही अंडी दिसत नाहीत."

"आता दिसत नाहीत. मागच्या आठवड्यात होती."

"होती म्हणून चालत नाही, बाई. हीच ती अंडी, याचा दाखला आहे?"

"दाखला? मी स्वतः घातलीत! अठ्ठावीस दिवस उन्हात बसलेय वर. आणखी काय दाखवू?"

"आपण नातेवाईक आहात. आपली साक्ष धरता येत नाही."

येसा चिडून साहेबांच्या टाळूवर झेपावणार होती. बहिरूने मध्ये शिंग घातले. साहेबांनी दुसरा पाय खाली घेतला आणि लेखी हुकूम दिला : सदर अंडी सध्या ज्या स्थितीत असतील त्या स्थितीत मुख्य कार्यालयात समक्ष हजर करावीत. पुरावा पायी आणू नये. त्यासाठी विशेष गाडी सोडावी. पुराव्यास धक्का लागल्यास स्टेशनमास्तर जबाबदार.

अंताजींनी हुकूम एकदा वाचला. मग पुन्हा वाचला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या शेपटीचे केस आनंदाने फुलले. पण आवाज त्यांनी पडलेलाच ठेवला.

"साहेब, वाघिणीला हादरे फार बसतात. पुराव्याभोवती काही थर लावला तर चालेल का? गार, गोलसर असं काही?"

"लावा. पण पुरेसा लावा."

"कमी पडला तर पुरावा गडगडेल, साहेब."

"मग कमी पडू देऊ नका!" साहेब ओरडले.

"तेवढं लिहून मिळालं तर बरं."

साहेबांनी लिहून दिले.

चांगुणा मावशीला दोनदा सांगावे लागले नाही. संध्याकाळपर्यंत चारही वाघिणी टरबुजांनी काठोकाठ भरल्या. दर वाघिणीत मधोमध एक टोपली, टोपलीत एक पिल्लू. चौथ्या वाघिणीत येसा चढली आणि तिने आतून सगळ्यांना दटावले.

बहिरूने इंजिनातून डोके काढले. "पर मास्तर, वहीत तर अंडी अजून रुळातच हायेत. वरनं गाडी कशी न्यावी?"

अंताजींनी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी बराच विचार केला.

"अंडी गाडीत आहेत, हा माझा हुकूम आहे. म्हणजे ती रुळांत नाहीत. एकच अंडी दोन ठिकाणी असू शकत नाहीत. चला."

गाडी सुटली. राजधानीत टरबुजांवर सगळा बाजार तुटून पडला. मुख्य कार्यालयाच्या दारात टोपल्या उघडल्या, तशी चारही पिल्ले चार दिशांना पळाली आणि परतीची गाडी सुटायच्या वेळी आईजवळ येऊन बसली. फायलीवर शेरा पडला : "पुरावा गैरहजर. पुढील मंगळवारी पुन्हा हजर करावा."

पुढल्या मंगळवारी पुरावा पुन्हा गेला. सोबत काकड्यांचा थर होता. त्यापुढल्या मंगळवारी रताळ्यांचा. विशेष गाडीला परवानगी लागत नाही, वेळापत्रक लागत नाही आणि तिला कोणी अडवत नाही. नदीला पाणी आले तेव्हा वाळूत वेलांखेरीज काही उरले नव्हते. मार्गावरच्या बाकीच्या गावांनीही पुराव्याच्या काळजीने आपापला माल आणून द्यायला सुरुवात केली. बोरखळीची गाडी पूर्वी कधी भरली नव्हती, इतकी भरू लागली.

वर्षाअखेर एक तरुण, हुशार कारकून मुख्य कार्यालयात आला. तो हरिण होता. त्याने फाईल उघडून एका बैठकीत सगळी वाचली, ही त्याची चूक. तो आपण होऊन बोरखळीला आला.

"मास्तर, तुमच्यावर फार अन्याय झालाय. अडथळा नाही, हे मी उद्याच जाहीर करतो. तुम्ही सुटलात! साधी मालगाडी परत सुरू."

अंताजींचे डोळे भरून आले. "मग पुढे काय होईल, रावसाहेब?"

"पुढे रीतीप्रमाणे साध्या मालगाडीचा वर्षाचा आढावा." हरणाने पाने उलटली. त्याचा चेहरा उतरला. "अडथळा नोंदल्यापासून साध्या गाडीने एक दाणाही गेलेला नाही. असा मार्ग बंद करतात. रूळ उपटतात."

चांगुणा मावशीने हातातली काकडी हळूच हरणापुढे धरली. हरणाने ती घेतली नाही. ते प्रामाणिक होते.

अंताजी उठले. नोकरीवरची टांगती तलवार काढून घ्यायला समोर कोणी आले होते, आणि त्यांना ते नको होते. त्यांनी दौत पुढे ओढली आणि आपल्या देखण्या अक्षरात लिहिले : "पुराव्याची प्रकृती ठीक नाही. मी अंडी खाल्ली किंवा नाही, याचा निर्णय पुराव्याच्या गैरहजेरीत होऊ नये, ही विनंती."

"मास्तर, अहो, याने तुम्ही जन्मभर संशयित राहाल," हरिण म्हणाले.

"राहीन की," अंताजी म्हणाले. "मुंगूस आहे मी. मला सवय आहे."

हरणाने कागद फाईलला लावला. पुढे ती काकडी त्याने खाल्ली की नाही, हे कुठे नोंदलेले नाही.

तात्पर्य : वाटेत अडथळा दिसला तर तो आपल्या हातांनी दूर करणारा फार तर एक गाडी पुढे नेतो. शहाण्याने रीतसर अर्ज करावा, आणि तो निकाली निघणार नाही याची डोळ्यांत तेल घालून काळजी घ्यावी. निर्दोष ठरण्याची घाई तर अजिबात करू नये. एकट्याच्या निर्दोषपणापायी पंचक्रोशीचे रूळ उपटले जाण्याचा संभव असतो.

अंडी सरकवण्याबाबतचा अर्ज व स्टेशनमास्तरांचा खुलासा, दोन्ही मुख्य कार्यालयात विचाराधीन आहेत.