भटू अण्णांचं आडवं-उभं

लग्नाच्या पंगतीत वाढप्याचा हात धरून "आडवं वाढी ऱ्हायना का उभं?" असं विचारणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे भटू अण्णा. वाढपी गांगरला, वरण अण्णांच्या पँटवर सांडलं, तरी अण्णा मला समजावतच राहिले, "आडवं वाढं तर मन्हा नंबर चौथा, उभं वाढं तर एकोनिसावा. इचारनं नको का?"

शहाद्यात बस स्टँडमागे, बियाण्यांच्या दुकानावर आमचं वेबसाइट बनवायचं ऑफिस आहे. अण्णा आणि मी, दोघंच. अण्णा पूर्वी छापखान्यात लग्नपत्रिका जुळवायचे. निमंत्रकांची लांबलचक यादी रकान्यांत बसवता बसवता त्यांना रांगांचं वेड लागलं. छापखाना बंद पडला तेव्हा पन्नाशीला आलेला हा माणूस जिद्दीने पीएचपी ही वेबसाइट लिहायची भाषा शिकला.

"इतली लांब यादी कोन वाचस? तीन-तीनना घास कर, भो!" हे त्यांचं ब्रीद. यादीचे तुकडे पाडणारा 'अ‍ॅरे चंक' नावाचा तयार हुकूम पीएचपीत आहे. अण्णा तो असा उच्चारतात, की चंक नावाच्या माणसाला हाक मारताहेत असं वाटावं. नंदुरबारच्या मिरची बाजारात ते एकदा तासभर उभे होते. का, तर एका ओळीत ढीग कमी होता.

मागे धानोऱ्याकडच्या एका शाळेचं काम आलं. जुन्या तुकडीचा स्नेहमेळावा होता, एकसष्ट नावं. तीन रकाने केले, खाली एक नाव उरलं. चार केले, एक उरलं. पाच केले, सहा केले, तरी तेच. दरवेळी तळाला एकटी, हिरा वळवी.

अण्णांनी जेवण सोडलं. शेवटी मीच शाळेच्या सरांना स्पीकरवर फोन लावला.

"त्यात काय," सर म्हणाले, "ती तिसरीतच शाळा सोडून गेली. मेळाव्याला काही यायची नाही. काढून टाका, साठ बरोबर बसतात."

मला वाटलं, अण्णा नाचतील. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"नाव काढानं नही, सर."

"अहो, पण ती..."

"वर्गात बठेल व्हती ना? मंग आठे, यादीमा बी बठी."

मग अण्णांनी नवा नियम लिहिला. शेवटच्या ओळीत एकच उरलं, तर वरच्या ओळीतलं एक खाली आणायचं. रकाने तीनच ठेवले, तळाच्या दोन्ही ओळींत दोन-दोन नावं आली. चौकट बिघडली. अण्णा समाधानाने बघत होते.

"असं वाकडं तुम्हाला चाललं?" मी विचारलं.

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "दुसरीले व्हतू. मायबापसंगे ऊसतोडले गुजरातमा गऊ. परत उनू, शाळामा जाई बठनू. सरनी हजेरी लिधी, सर्वासना नावं उनात. मी 'हजर' म्हनाले तयार बठेल. मन्हं नाव उनंच नही."

दुसऱ्या दिवशी अण्णा ऑफिसला आले नाहीत. दुपारी फोन आला.

"धानोराकडे उनू, हिरा भेटनी, भो! वेबसाइटवर लावाले फोटो काढी ऱ्हायनू. उभी करेल शे, पन हासतच नही. काय सांगू तिले?"

मी काही सुचवायच्या आत, अण्णांची ही तक्रार ऐकूनच, पलीकडून एक बाई खळखळून हसल्याचा आवाज आला.