बिनपरवान्याचं पिस्तूल

नेमबाजीच्या सरावासाठी पिस्तूल निवडणे ही अत्यंत गंभीर बाब असल्यामुळे ती नेमबाजावर सोडता येत नाही. मोशीच्या यशवंतरावांच्या घरात हे तत्त्व कटाक्षाने पाळण्यात आलं.

यशवंतरावांची सून प्राजक्ता चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात नोकरी करते. कॉलेजात एनसीसीत असताना तिचा नेम चांगला होता. लग्नानंतर सराव बंद पडला (लग्नानंतर बरंच काही बंद पडतं, त्याची नोंद होत नाही). यंदा ती पुन्हा रहाटणीच्या शूटिंग रेंजवर जाऊ लागली. जिल्ह्याची निवड स्पर्धा तोंडावर होती, म्हणून स्वतःचं, परवडेल असं छोटं पिस्तूल घ्यायचं तिने ठरवलं. यात घराण्याचा कुठेच संबंध येत नव्हता. ही त्रुटी यशवंतरावांनी तातडीने दूर केली. त्यांनी खरेदी समिती नेमली: ते स्वतः, मुलगा रणजीत, प्लॉटिंगमधले दोन भागीदार आणि एक माजी नगरसेवक. प्राजक्ता विशेष निमंत्रित होती. चहा तिच्याकडे होता.

समिती दोन गाड्यांतून रेंजवर गेली. तिथल्या प्रशिक्षक दिपाली मॅडम म्हणाल्या, "काका, हवेवर चालणारं घ्या. छर्रे स्वस्त पडतात, धक्का बसत नाही, आणि लायसनही लागत नाही."

"लायसन लागत न्हाई?" यशवंतराव म्हणाले. "मंग लोकांना कळायचं कसं?"

लायसनवाल्या पिस्तुलाची परवानगी येईपर्यंत स्पर्धा होऊन गेली असती, म्हणून समितीने हवेचं पिस्तूल नाइलाजाने मान्य केलं. निकष मात्र स्वतःचे लावले. मूठ हाताला बसते का, हे प्राजक्ता बघत होती. समिती ते कमरेला बसतं का, हे बघत होती. लांब नळीचं बुलेटवर बसताना टोचेल, असा तांत्रिक अभिप्राय रणजीतने दिला. अखेर एक काळंभोर, आखूड पिस्तूल एकमताने पसंत झालं. त्याची मूठ प्राजक्ताला मोठी होत होती. यशवंतरावांना अगदी बरोबर बसत होती.

सराव सुरू झाला. पिस्तूल रणजीतच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आलं, भागीदाराच्या वास्तुशांतीला गेलं, एका हॉटेलच्या उद्घाटनाला पुढच्या रांगेत बसलं. प्राजक्ता घरी भिंतीसमोर पाण्याची भरलेली बाटली हात लांब करून धरत होती. मनगटाला चांगलं असतं, असं मॅडमनी सांगितलं होतं.

स्पर्धेच्या आदल्या दुपारी तिने रणजीतला विचारलं, "पिस्तूल कुठंय?"

"दिग्विजयच्या हळदीला. नवरदेवाच्या कमरेला लावलंय." चुलतभावाचं नाव घेताना तो जरा अडखळला. "आता काढून आणलं तर बरं दिसेल का?"

प्राजक्ताने हातातली बाटली एवढी जोरात ठेवली की आतल्या खोलीतून सासूबाई, अंबूबाई, बाहेर आल्या.

"स्कुटी काढ," त्या म्हणाल्या.

हळदीच्या मांडवात अंबूबाई सरळ नवरदेवापाशी गेल्या आणि त्याच्या पट्ट्यातून त्यांनी पिस्तूल उपसलं. पाहुणे मागे सरकले. डीजे थांबला.

"भेता कशाला? हवेचं हाय," अंबूबाई म्हणाल्या. "ह्यानं चिमनी बी मरत न्हाई. पोरीला उद्या काम हाय ह्याचं."

यशवंतराव मोबाईलमध्ये काहीतरी अत्यंत महत्त्वाचं वाचू लागले. (मोबाईल उलटा होता.)

परतताना प्राजक्ताच्या मागे अंबूबाई पिस्तूल पदराखाली धरून बसल्या होत्या. प्राजक्ताला हसू येत होतं. "आत्या," ती म्हणाली, "मूठ मोठी होते हो मला."

"मंग आधी बोलायचं की. लाकूडच हाय न्हवं?"

वाटेतल्या फर्निचरवाल्याने ती मूठ तासून दिली.

प्राजक्ताची निवड झाली. गावाने मोशीत फ्लेक्स लावला. मधोमध यशवंतराव, भोवती समिती, कोपऱ्यात नवरदेव दिग्विजय. प्राजक्ताच्या फोटोला जागा पुरली नाही, पण नाव बिनचूक छापलंय. यशवंतरावांनी दरम्यान स्वतःसाठी पिस्तुलाच्या आकाराचा लायटर घेतला. तो पेटत नाही, पण कमरेला झकास बसतो. परवडणाऱ्या पिस्तुलांत याहून स्वस्त काही नाही, असं समितीचं मत आहे.

ही हकीकत मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली. बहुतेकांनी पिस्तुलाची कंपनी विचारली, काहींनी लायटर कुठे मिळतो ते विचारलं. प्राजक्ताला गुण किती पडले, हे अजून कोणी विचारलेलं नाही. तुमच्याही ते आत्ताच लक्षात आलं.