साडेनऊचा मेल

विश्रांतवाडीहून कोथरूडच्या ऑफिसात साडेनऊला पोहोचणं उत्तरेश्वर सोनटक्क्यांना वीस वर्षांत जमलं नव्हतं. म्हणून ते काम त्यांनी संगणकाकडे सोपवलं होतं. ठरल्या वेळी आपोआप कामं करणारा टास्क शेड्युलर साडेनऊला त्यांच्या साहेब, जगताप मॅडम, यांना मेल टाकायचा : ‘जागेवर बसलो आहे. काम सुरू.’

जुन्या आवृत्तीत एक खोट होती. संगणक झोपला किंवा इंटरनेट गेलं, की शेड्युलर त्या दिवसापुरता गप्प बसायचा. गेल्या आठवड्यात नवी आवृत्ती आली आणि उत्तरेश्वर हरखले.

“अहो द्वारकाताई, बघा,” त्यांनी शेजारच्या टेबलाला ऐकवलं. “हा आता झोपलेल्या संगणकाला स्वतः उठवतो. वेळ चुकली तर संधी मिळताच काम उरकतो. नाहीच जमलं, तर दर मिनिटाला पुन्हा प्रयत्न करतो!”

“म्हणजे तुमच्यात नाही ते सगळं,” द्वारकाताई मान वर न करता म्हणाल्या.

उत्तरेश्वरांनी तिन्ही चौकटींत खुणा केल्या. उत्साहाच्या भरात सव्वादहाचा आणखी एक मेल लावला : ‘चहालाही उठलो नाही.’

सोमवारी होळकर पुलाजवळ त्यांची स्कूटर पंक्चर झाली. इकडे मॅडमच्या केबिनमधला एसी गळायला लागला, म्हणून त्या फायली घेऊन बाहेर आल्या आणि रिकामी दिसली त्या खुर्चीत बसल्या. ती उत्तरेश्वरांची होती. साडेनऊला समोरचा पडदा आपोआप उजळला. इंटरनेट बंद होतं, तरी शेड्युलर दर मिनिटाला धडपडत राहिला. सव्वादहाला इंटरनेट आलं आणि दोन्ही मेल मॅडमच्या मोबाइलवर पाठोपाठ येऊन पडले.

पाच मिनिटांनी उत्तरेश्वर हेल्मेटसकट आत आले. “मॅडम, पंक्चर...”

“बसू नका,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही बसलेलेच आहात. चहालाही उठला नाहीत.”

उत्तरेश्वरांचा चेहरा पडला. “चूक माझीच, मॅडम. तो बिचारा प्रामाणिक आहे. माझ्याकडचं वेळेवर चालणारं तेवढंच.”

इतक्यात पडद्यावर टिंग वाजलं. जगताप मॅडमकडून उत्तर : ‘वाचले. छान. असेच चालू ठेवा.’ लगेच दुसरं टिंग. तेच उत्तर, तस्संच.

मॅडमचे दोन्ही हात फायलीवर होते. मोबाइल टेबलावर पालथा पडला होता. द्वारकाताईंना अचानक खोकला आला.

मॅडमनी सावकाश फाइल मिटली.

“सोनटक्के, त्या नव्या आवृत्तीत उत्तर जरा मागंपुढं पाठवायची सोय आहे का हो?”

“आहे ना! उशीर ठरवून देता येतो. रोज वेगळा. अगदी माणसासारखा.”

“मग केबिनमध्ये या,” मॅडम उठल्या. “आणि दार लावून घ्या.”