भुतांच्या बाजूचा पुंजाजी

पुंजाजी माळ्याच्या गोष्टीतला राक्षस कधी मरत नसे. राजपुत्र तलवार उपसून गुहेच्या तोंडाशी आला, की पुंजाजी चिलीम खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "थांबा. त्याचं म्हननं काय हाये, थे तं ऐकून घ्या." मग बारा वर्षं राजकन्येची राखण करून राक्षसाची कंबर कशी धरली आहे, डोळ्याला डोळा कसा लागलेला नाही, हे सगळं निघे. राजपुत्र बिचारा तलवार धरून ताटकळत उभा.

वलगावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्याची वांग्या-मिरच्यांची बाग, माझ्या अंगणात कापसातून सरकी काढायचे चार लाकडी रेचे. दुपारी रेच्यांवर बसलेल्या बायकांना तो गोष्टी सांगे, त्यांचे हात थांबत, म्हणून मी कुरकुरत असे. आता ती करकर आणि तो आवाज दोन्ही पुन्हा ऐकू यावेत असं वाटतं.

मला गोष्टीतही चुकीचा आकडा खपत नाही. एकदा मी म्हटलं, रोज एक माणूस खाल्लं तर बारा वर्षांत चार हजार तीनशे ऐंशी होतात. एवढी माणसं आणली कुठून? पुंजाजी विचारात पडला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "भाऊ, थो मधामधात उपाशी राहे." माणसं खाल्ली हे मात्र त्यानं कधी नाकारलं नाही. "खाल्ली नं. मी काही त्याले साधू म्हनून नाही राहिलो. पन भूक लागल्यावर त्याले कोनी भाकर इचारली का?"

सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती, म्हणून मुंबईचे व्यापारी अमरावतीत तळ देऊन आमचा कापूस मागत होते, ती ही वर्षं. बांधापर्यंत कापूस. ज्वारी थोडकी, राळा तर कुणी पेरलाच नव्हता.

त्या हिवाळ्यात पुंजाजीची बायको भागी बाळंतपणात गेली. मूलही गेलं. अशी बाई हडळ होऊन घरी परतते, म्हणून स्मशानापासून घरापर्यंत वाटेवर राळा टाकायचा. सगळे दाणे मोजल्याशिवाय तिला पुढं येता येत नाही, आणि राळ्याचे बारीक दाणे कुणालाच मोजून होत नाहीत. पण सात घरं फिरूनही राळा मिळेना. शेवटी पाटील म्हणाले, सरकी टाका. सरकी माझ्याकडे होती. शेरभर मीच टाकली. पुंजाजी माझ्या हाताकडे बघत उभा होता. या वेळी 'थांबा' म्हणाला नाही.

तेव्हापासून तो रोज सकाळी काठी घेऊन त्या वाटेवर बसू लागला आणि सरकी खायला येणारी गुरं हाकलू लागला. बायकोनं परतू नये म्हणून केवढी खबरदारी, असं गाव म्हणालं. रेच्यांवरच्या बायका म्हणाल्या, जितेपणी तिच्या मुठीत होता, आता पहारा करून राहिला.

तेराव्यानंतर तो माझ्या ओट्यावर आला. शेरात सरक्या किती, असं त्यानं विचारलं. मी एक चिपटं, म्हणजे पाव शेर, मोजलं आणि चौपट केलं. नऊ हजार सहाशे, थोडं इकडं तिकडं.

"गुरायनं खाल्ल्या तं तिची मोज चुकन," तो म्हणाला. "मंग पुन्हा पयल्यापासून."

चिपट्यातल्या सरक्या त्यानं बोटानं चाळवल्या. "तिले विसाच्या पुढं येत नाही, भाऊ. बाजारात बी विसाचा ढीग करे अन् मले हाक मारे."

मी म्हटलं, पुंजाजी, ती खरंच आली तर? हडळ आहे ती.

"असंन. माह्या मानगुटीवर बसन. पन घरी तं येईन."

आठ दिवसांनी सकाळी, पुंजाजी येऊन बसायच्या आधी, शेताकडे जाताना मी मुद्दाम त्या वाटेनं गेलो. कडेनं सरकीचे लहान लहान ढीग होते. गुरांनी तोंड लावू नये म्हणून प्रत्येकावर बोरीची काटकी. मी खाली बसून एक ढीग मोजला. वीस. दुसरा मोजला. वीस. तिसऱ्यात एकोणीस भरल्या. पुन्हा मोजल्या, तरी एकोणीसच. आजूबाजूची माती हातानं चाळली, एक सरकी सापडली, ती त्यात टाकली आणि काटकी होती तशी ठेवली.

बाकीचे ढीग मोजायला दुसऱ्या दिवशी जरा लवकर निघालो.