चाळीस भाच्यांचे मामा

सन १९९५ मध्ये नेरूळजवळच्या एका सेक्टरात चाळीस बैठी घरं होती आणि ती सगळी एकाच मालकाची होती. मालकाचं नाव सुखछाया इन्व्हेस्टमेंट कंपनी. प्राधिकरणाचा नियम मात्र स्वच्छ होता : घरात मालकाने किंवा त्याच्या नातलगांनीच राहावे, भाडेकरू ठेवू नये. कंपनी नियम पाळणारी होती. तिने भाडेकरू ठेवले नाहीत, चाळीस भाचे ठेवले.

महाप्याच्या कारखान्यात सुपरवायझर असलेले नंदकिशोर साळगावकर हे तेविसावे भाचे. "कोणी विचारलं तर बोलायचं, मामाचं घर आहे. टेन्शन नाय घ्यायचं," चावी देताना एजंटने बजावलं.

यथावकाश निरीक्षक जोतीराम पाहणीला आले. त्यांनी चाळीस दारं वाजवली आणि वहीत चाळीस वेळा 'भाचा' लिहिलं.

"मामा असतात कुठे?" त्यांनी नंदकिशोरच्या बायकोला विचारलं.

"नरिमन पॉइंटला, अकराव्या मजल्यावर," स्मिता म्हणाली.

"बहिणी बऱ्याच दिसतात त्यांना." जोतीरामांनी चहा घेतला आणि शेरा मारला : कुटुंब मोठे, परंतु एकोपा वाखाणण्याजोगा.

भाडं घेणं बेकायदा असल्याने कंपनी दरमहा दोन हजार रुपये 'मामांस प्रेमपूर्वक' स्वीकारी. पावती नसे. घरच्या माणसांत पावती कसली? पुढच्या मार्चमध्ये, लेकीची दहावीची परीक्षा चालू असताना, मामांची चिठ्ठी आली : प्रेम साडेतीन हजार करावे, अन्यथा आठवड्याच्या आत घर सोडावे.

"ईश्वरीचे चार पेपर राहिलेत! पोरीला घेऊन जायचं कुठे?" स्मिता रडकुंडीला आली.

नंदकिशोर तडक प्राधिकरणाच्या कचेरीत, खिडकी क्रमांक चारवर गेले. तिथे उज्वलाबाई होत्या.

"तुम्ही भाडेकरू?"

"हो."

"त्या घरांत भाडेकरूंना बंदी आहे. म्हणजे तुम्ही भाडेकरू नाही."

"बरं, भाचा समजा."

"मग हा घरगुती वाद झाला. त्यात आम्ही पडत नाही."

"अहो बाई, कंपनीला बहीण असते का?" नंदकिशोर ओरडले.

हा मुद्दा कचेरीत प्रथमच उपस्थित होत होता. उज्वलाबाईंनी कपाटातून एक फॉर्म काढला. "बरोबर आहे तुमचं. यावर सही करा, उद्याच चौकशी लावते. कंपनी हलवू शकणार नाही तुम्हाला."

फॉर्मवर एकच वाक्य होतं : नव्या मुंबईत माझे दुसरे घर नाही व त्यात कोणी खोटा नातलग राहत नाही.

नंदकिशोरनी पेन उघडलं. कळंबोलीत त्यांची एक खोली होती, ईश्वरीच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेली. तिथे मार्केटातले हमाल हौसेराव सहकुटुंब राहत. कागदोपत्री ते साळगावकरांचे चुलते होते.

"पेन चालत नाही वाटतं," नंदकिशोर म्हणाले.

"इथे कुणाचंच चालत नाही," उज्वलाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी नंदकिशोर कळंबोलीला गेले आणि हौसेरावांना म्हणाले, "काका, जरा प्रेम वाढवायला लागेल."

फॉर्म अजून खिडकी क्रमांक चारवरच आहे. आपल्यापैकी कुणीही जाऊन सही करावी. रांग नसते.