सर्व खात्यांना लागू

"एक पासवर्ड बदलायला माणूस लागतो का हो?" असं म्हणून वैजनाथराव देऊळगावकरांनी संगणक विभागाच्या तनुजाला दारातूनच परत पाठवलं, आणि त्या सोमवारचा सत्यानाश तिथूनच सुरू झाला!

वैजनाथराव म्हणजे गौताळा विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचे कक्षाधिकारी. विद्यापीठ खाजगी, जालना रोडला, करमाडच्या अलीकडं. इमारत नवी, काचा निळ्या आणि कारभार सगळा संगणकावर. हजेरीचं एक खातं, रजेचं दुसरं, ईमेलचं तिसरं, मग ग्रंथालय, वायफाय आणि परीक्षा. सहा खाती, सहा पासवर्ड! वैजनाथराव रजेचा पासवर्ड हजेरीला द्यायचे, हजेरीचा ग्रंथालयाला, आणि वायफाय तर दीड वर्षापासून शेजारच्याचंच वापरायचे.

त्यामुळं 'एक कर्मचारी, एक पासवर्ड' हे परिपत्रक आलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला. एकदा नवा पासवर्ड टाकायचा, की तो सहाही खात्यांना आपोआप लागू! फक्त दुपारी तीनच्या आत टाकायचा. नाहीतर परीक्षेचं खातं बंद. आणि त्याच दिवशी चार वाजता बी.कॉम.चा निकाल लागायचा होता. पुढच्या प्रवेशाचे अर्ज पाचला बंद होणार, म्हणून साडेसहाशे पोरं सकाळपासून लिंबाखाली मोबाईल चोळत बसली होती.

"सर, मी बसते ना शेजारी," तनुजा म्हणाली होती. "मागं मी रजेवर होते तेव्हा तुम्हाला मुख्य खात्याचे अधिकार दिले होते. ते अजून काढलेले नाहीत. जरा जपून करावं लागेल."

"तनुजा मॅडम, मी हातानं गुणपत्रिका लिहायचो तेव्हा तुमचा जन्म नव्हता झाला. जा तुम्ही!"

तनुजा गेली. वैजनाथरावांनी बाह्या सरसावल्या आणि 'वैजनाथ' असं टाकलं.

पडद्यावर लाल अक्षरं आली: स्वतःचं नाव चालणार नाही. मग बायकोचं टाकलं. घरच्यांची नावं चालणार नाहीत. जन्मतारीख? फार सोपी. किमान वीस अक्षरं हवीत, त्यात एक अंक हवा, एक चिन्ह हवं. 'घृष्णेश्वर' दोनदा लिहून पुढं अंक-चिन्ह लावलं, तर तेही आधीच चाळीस जणांनी घेतलेलं!

एवढ्यात फोन वाजला. कुलसचिव प्रमोदिनी मॅडम.

"देऊळगावकर, झालं का?"

"होतंय मॅडम."

दोन मिनिटांनी पुन्हा. "झालं का?"

"होतंच आलंय मॅडम."

बाईंचं केबिन म्हणजे पातळ फळीच्या पलीकडं. फोन करायच्या त्या फळीआडून, त्यामुळं प्रत्येक प्रश्न वैजनाथरावांना दोनदा ऐकू यायचा, एकदा एका कानात आणि एकदा दुसऱ्या! पाचव्या वेळेला "झालं का?" आलं आणि वैजनाथरावांच्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. त्यांनी रिसीव्हर ठेवला, दात खाल्ले आणि तबल्यावर बसल्यासारखी दहाही बोटं आपटली. अक्षरं इंग्रजी, पण मजकूर अस्सल मराठी. शेवटी एक चिन्ह, एक अंक.

पडद्यावर हिरवा दिवा! पासवर्डची ताकद: अतिशय मजबूत.

खाली प्रश्न आला: 'हा पासवर्ड सर्व खात्यांना लागू करायचा?'

"अरे म्हणजे काय! त्यासाठीच तर बसलोय," असं म्हणत वैजनाथरावांनी 'होय' दाबलं. चहा घेऊन आलेल्या कडूबा शिपायाला म्हणाले, "बघ. सहाही खाती, एका दणक्यात!"

"लई हुशार तुमी, सायेब," कडूबा म्हणाला.

पण 'सर्व खाती' म्हणजे वैजनाथरावांची सहा खाती नव्हेत. मुख्य खात्याच्या भाषेत खाती म्हणजे लेखा, आस्थापना, ग्रंथालय, वसतिगृह, बांधकाम... अख्खं विद्यापीठ! आठशे कर्मचाऱ्यांचे पासवर्ड एका क्षणात पुसले गेले, आणि त्या जागी वैजनाथरावांचा बसला.

दहाच मिनिटांत हाहाकार उडाला. ग्रंथालयाचं दार बोटाच्या ठशावर आणि पासवर्डवर उघडायचं. ते मिटलं ते मिटलंच. आत चाळीस विद्यार्थी आणि एक रंगारी! वसतिगृहाच्या मेसमध्ये कुपन निघेना. सभागृहात परदेशी पाहुणे बसले होते आणि तिथलं एसी सोळावर अडकलं. पाहुण्यांनी आधी सत्काराची हिमरू शाल पांघरली, मग शेजारच्याची पांघरली. शेवटी कुलगुरूंनी पुढच्या महिन्याच्या सत्कारांच्या शालींची पाकिटंही फोडली! ज्यानं त्यानं आपापला जुना पासवर्ड तीन-तीनदा मारला आणि आपापलं खातं कुलूपबंद करून घेतलं.

तनुजा धावत आली. "सर! काय दाबलंत?"

"होय."

"होय काय होय?"

"'होय' दाबलं."

तिनं कपाळाला हात लावला. सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाली, "आता मुख्य खातं तेवढं कुलूपबंद व्हायचं राहिलंय. तिथून मी सगळ्यांची कुलपं काढते, निकालही लावते. तुमचा पासवर्ड सांगा."

वैजनाथरावांचा चेहरा चुना लावल्यासारखा झाला. "सांगत नाही. मीच टाकतो. तुम्ही तिकडं बघा."

त्यांनी टाकला. चुकला. पुन्हा, एकेक अक्षर तपासत, शुद्ध, नीटनेटका टाकला. चुकला! रागाच्या भरात काय लिहिलं होतं ते शांत डोक्याला आठवेना.

"सर, आता एकच संधी," तनुजा म्हणाली. "ती गेली की दोन दिवस सगळं बंद. निकालही. तुम्ही तोंडानं सांगा, स्पेलिंग आपण मिळून काढू."

"नाही सांगता येत."

"का नाही येत?" दारातून आवाज आला. प्रमोदिनी मॅडम! सभागृहातून थेट आल्या होत्या, अंगावर दोन शाली. "देऊळगावकर, बाहेर साडेसहाशे पोरं आहेत. त्यातल्या एकाचंही वर्ष गेलं तर मी तुम्हाला सोडणार नाही. बोला!"

वैजनाथरावांनी खिडकीतून लिंबाकडं पाहिलं. एक मुलगी उठून खिडकीपाशी आली होती. "सर, निकाल लागंल ना आज?" तिनं विचारलं. पदोन्नतीचा कागद मॅडमच्याच टेबलावर होता, तोही डोळ्यांपुढून गेला. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले,

"प्रमोदिनीबाई, जरा गप बसा."

छताचा पंखासुद्धा दचकल्यासारखा वाटला!

"मला म्हणताय, की पासवर्ड आहे?" मॅडमनी विचारलं.

"पासवर्ड आहे मॅडम. अ‍ॅट एक. शेवटी."

मॅडमनी शाली नीट केल्या, खुर्ची ओढली आणि संगणकापुढं बसल्या. "तनुजा, लिहून घे. माझ्या नावात 'दि'ला यांनी डबल ई टाकलेली असणार. बारा वर्षं प्रत्येक टिपणीवर तसंच लिहितात."

"आत्ता मी शुद्ध टाकलं होतं मॅडम," वैजनाथराव पुटपुटले.

"म्हणूनच चुकलं! 'गप'ला पी किती?"

"राग होता मॅडम... दोन असतील."

"माझ्यावर राग? मग दोनच. तरी वाक्य अर्धवट वाटतंय. अजून काय म्हणालात मला? लाजू नका."

वैजनाथरावांना काही आठवेना. तेवढ्यात कोपऱ्यातून कडूबा खाकरला.

"मॅडम, सायेब टाइप करताना मोठ्यानं बोलत व्हते. मी चहा घिऊन हुबाच व्हतो. 'जरा' दोनदा म्हनले. प्रमोदिनीबाई, जरा गप बसा, जरा! शेवटचा 'जरा' लई काकुळतीचा व्हता."

"कडूबा, तू नको बोलूस!"

"का नको? त्याच्यामुळंच तर जमतंय," मॅडम म्हणाल्या, आणि स्वतःच्या हातानं, एका बोटानं, स्वतःला गप बसवणारं ते वाक्य त्यांनी टाकलं. दोन ई. दोन पी. दोन जरा. अ‍ॅट एक.

उघडलं!

तनुजानं भराभरा कुलपं काढली. ग्रंथालयातून चाळीस विद्यार्थी आणि रंगारी बाहेर पडले, पाहुण्यांच्या अंगावरच्या शाली उतरल्या, आणि तीन वाजून सत्तावन्न मिनिटांनी निकाल लागला. लिंबाखाली एकच कल्ला झाला. खिडकीतल्या मुलीनं आतल्या सगळ्यांना पेढा दिला, अगदी वैजनाथरावांनासुद्धा!

"पण एक अडचण आहे," तनुजा म्हणाली. "एकदा बदललेला पासवर्ड दोन दिवस पुन्हा बदलता येत नाही. नियम आहे. तोपर्यंत सगळ्यांना हाच वापरावा लागेल."

"सगळ्यांना?" वैजनाथरावांच्या घशात पेढा अडकला.

त्या संध्याकाळी परिपत्रक निघालं. 'सर्व कर्मचाऱ्यांनी बुधवारपर्यंत पुढील पासवर्ड अचूक टाकावा,' आणि खाली ते वाक्य, ठळक अक्षरांत. त्याखाली सही: कुलसचिव, प्रमोदिनी.

मंगळवारी सकाळी अख्ख्या विद्यापीठाची हजेरी त्या वाक्यानं लागली. कुलगुरूंनीही टाकलं म्हणतात, आणि तेही चेहऱ्यावरची रेघ न हलवता! वैजनाथराव पोचले तेव्हा टेबलावर मेमो होता: 'आपण वरिष्ठांचे नाव अशुद्ध लिहिले व आठशे कर्मचाऱ्यांना ते अशुद्ध लिहिण्यास भाग पाडले. याबाबतचा खुलासा आज अकरापर्यंत ऑनलाइन सादर करावा.' गप बसा म्हटल्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

वैजनाथरावांनी माफीचा मजकूर आधी कागदावर लिहिला. अतिशय नम्र, डोळ्यांत पाणी यावं असा. मग संगणक सुरू केला. माफी मागायला आत जायचं, तर आधी पासवर्ड! मान खाली घालून त्यांनी पुन्हा एकदा मॅडमना गप बसायला सांगितलं आणि खुलासा पाठवला.

तो वाचायला पलीकडं मॅडमही संगणकापुढं बसल्या. फळीआडून एका बोटाची टकटक आणि सोबत अक्षर न अक्षर जुळवणारा आवाज येऊ लागला.

"प्र...मो...दी...नी...बाई... जरा... गप... बसा..." थोडं थांबून, "...जरा."

पलीकडचा आवाज त्यानंतरही चालूच राहिला. मॅडम खुलाशातल्या शुद्धलेखनाच्या चुका मोजत होत्या. गप बसले ते फक्त वैजनाथराव!